राज्यशास्त्र घेऊन नागपुरात शिकायचं, तर हाती काय लागतं?

उमरेड तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न माझ्याकडे आला आहे. बारावीला कला शाखेत ७८ टक्के, राज्यशास्त्र सगळ्यांत आवडतं, नागपूरला येऊन त्यातच बी.ए. आणि जमलं तर एम.ए. करायचं मनात आहे. घरी वडील म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर नाहीतर नर्सिंगला जा. राज्यशास्त्र शिकून काय पुढारी होणार आहेस? तिला दोन गोष्टी हव्या आहेत. या विषयातून पुढे कोणकोणती कामं मिळतात, आणि त्यासाठी नागपूर पुरतं की पुण्या-दिल्लीला जावं लागतं. मी नागपुरातच हा विषय शिकले, बरीच वर्षं इथल्याच एका महाविद्यालयात शिकवते आहे, आणि निवडणुकांच्या वेळी मतदार सर्वेक्षणांचं कामही केलं आहे. तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

आधी तुझ्या बाबांची शंका, कारण ती खोटी नाही. राज्यशास्त्राची बी.ए. ही नर्सिंगसारखी थेट कामाला लावणारी पदवी नाही. 'राज्यशास्त्राचा पदवीधर पाहिजे' अशी जाहिरात शिक्षकी पेशा सोडला तर सहसा निघत नाही. 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' असं लिहिलेलं असतं आणि त्या रांगेत बी.कॉम.वाली, बी.एस्सी.वाली आणि तू सारख्याच. फरक पडतो तो तीन वर्षांत तुला काय काय करता येऊ लागलं याने. चाळीस पानी सरकारी अहवाल वाचून त्याचं सार दोन पानांत लिहिता येतं का? कायद्याचं कलम वाचून ते आपल्या गावच्या तंट्याला लागू पडतं की नाही हे सांगता येतं का? ज्याचं म्हणणं अजिबात पटत नाही त्याचं म्हणणं, तोही 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हणेल अशा शब्दांत मांडता येतं का? हे ज्याला येतं त्याला काम मिळतं. हे काहीच न येता मार्कशीट घेऊन बाहेर पडणारेही पुष्कळ आहेत, आणि तुझ्या बाबांच्या पाहण्यात बहुधा तेच आले असतील. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस प्रश्नसंच पाठ करून बी.ए. निघून जाते, हे दुर्दैवाने खरं आहे.

म्हणून माझं उत्तर असं की विषय जरूर घे, पण गाइडवर पास व्हायचं नाही हे आधीच ठरवून घे.

अभ्यासक्रमाबद्दल फार लिहीत नाही. राजकीय सिद्धांत, भारताचं संविधान आणि शासनव्यवस्था, पाश्चात्त्य आणि भारतीय विचारवंत, तौलनिक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, लोकप्रशासन, महाराष्ट्राचं राजकारण. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असतं. सिद्धांताचा पेपर मुलांना कोरडा वाटतो आणि संविधानाचा सोपा. माझा अनुभव उलटा आहे. संविधानाची कलमं कुणीही पाठ करतं. पण न्याय म्हणजे काय, सत्तेला मान्यता कुठून मिळते, बहुमताला कुठे थांबवायचं, हे ज्याला सिद्धांतात नीट कळलं तोच पुढे न्यायालयाचा निकाल किंवा सरकारचं विधेयक समजून वाचू शकतो. त्या पेपरला कंटाळू नकोस.

आता नागपूर. हे शहर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला किती देऊ शकतं, हे इथल्याच पोट्ट्यांना फार उशिरा कळतं. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना कशी करायची हे ठरवणाऱ्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता. दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात भरतं ते त्या करारामुळे. घटनेच्या कलम ३७१(२) ने राज्यपालांवर विदर्भ आणि मराठवाड्याबाबत विशेष जबाबदारी टाकली आहे. त्याखाली १९९४ ला विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. अनुशेष, म्हणजे मागास भागांचा विकासात राहून गेलेला वाटा, मोजणारा दांडेकर समितीचा अहवाल १९८४ चा, केळकर समितीचा २०१३ चा. संघराज्य आणि प्रादेशिक असमतोल हे धडे दिल्लीचा विद्यार्थी पुस्तकात वाचतो. तू ते तुझ्या तालुक्याच्या सिंचनाच्या आणि कोळसा खाणींसाठी गेलेल्या जमिनींच्या आकड्यांत वाचू शकतेस.

विचारांच्या बाबतीतही तसंच आहे. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं आणि भाषेनुसार प्रांतिक समित्या करणारी पक्षाची नवी घटना मंजूर झाली. १९२३ ला इथेच झेंडा सत्याग्रह झाला. १९२५ ला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना इथली. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती दीक्षाभूमी इथली. या सगळ्या धारांची माणसं, वाचनालयं आणि वाद या शहरात आजही जिवंत आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, एका धारेबद्दल दुसरीच्या तोंडून ऐकून मत करू नका. तिच्याच माणसाकडे जाऊन बसा, तिचीच पुस्तकं वाचा, मग काय टीका करायची ती करा. एका रिक्षाच्या अंतरात हे सगळं करता यावं, अशी शहरं देशात फार नाहीत.

आणि अधिवेशन. डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन जागं होतं, अख्खं मंत्रालय इकडे येतं, यशवंत स्टेडियमजवळ धरण्यांचे मंडप पडतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. इथले लोक वाहतूक कोंडीला वैतागतात. मी मात्र या दिवसांत मुलांना वर्गात बसवत नाही, एक काम देऊन बाहेर पाठवते. एखाद्या मोर्च्यात जायचं, तिथल्या लोकांशी बोलायचं आणि त्यांच्या निवेदनाची एक प्रत मागून आणायची. लोक आनंदाने देतात. मग विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात, त्यात त्याच विषयावरचा प्रश्न शोधायचा.

समजा अंगणवाडी सेविकांचा मोर्चा आहे. निवेदनात त्यांनी मानधन, निवृत्तीनंतरची सोय, पोषण आहाराचे दर, मोबाइलवर माहिती भरण्याचा ताण असं सगळं लिहिलेलं असतं. यादीतला प्रश्न मात्र ठरावीक साच्यात येतो. (१) अमुक तालुक्यात सेविकांचे मानधन थकीत आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. (३) चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि मंत्र्यांचं उत्तर येतं, (१) हे अंशतः खरे आहे, आणि शेवटी (४) प्रश्न उद्भवत नाही. आता विद्यार्थ्याने बसून बघायचं की निवेदनातल्या मागण्यांपैकी किती प्रश्नात पोचल्या आणि कोणत्या वाटेतच गळाल्या. 'अंशतः' म्हणताना सरकारने नेमका कोणता अंश मान्य केला? प्रश्न विचारणारे आमदार सत्ताधारी बाजूचे की विरोधी, त्याच जिल्ह्याचे की दुसऱ्या? चर्चा झाली की वेळ संपल्याने उत्तर नुसतंच पटलावर राहिलं? यावर दोन पानं लिहायची. प्रतिनिधित्व या संकल्पनेवर मी तासभर बोलून जे कळत नाही, ते या दोन पानांत मुलांना कळतं. आणि हे काम चांगलं करणाऱ्या मुलाला कुठलाही वकील, संपादक किंवा आमदार आपल्याकडे ठेवून घ्यायला तयार असतो.

राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनात राज्यभरातल्या विद्यापीठांच्या राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. पीठासीन अधिकारी, मंत्री, विरोधी पक्षनेते, सचिव येऊन बोलतात आणि सभागृहाचं कामकाज दाखवलं जातं. कोल्हापूर-मुंबईची मुलं त्यासाठी रात्रभर प्रवास करून येतात. एम.ए.ला गेलीस तर हा चुकवू नकोस. बी.ए.ला असताना आपल्या भागातल्या आमदारांच्या कार्यालयातून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो का बघ.

सरकारी कागद वाचायची सवयही आत्तापासून लाव. शासन निर्णय, म्हणजे लोक ज्याला जीआर म्हणतात तो, राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतो. वरती 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. मुलं ती सोडून देतात आणि थेट खाली जातात. तू त्या यादीपासून सुरुवात कर; एक धोरण कितीदा बदललं आणि का, याचा माग तिथे लागतो. मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी प्रती कुणाकुणाला पाठवल्या ते. अंमलबजावणी कुणाच्या गळ्यात आहे, ते त्या शेवटच्या यादीवरून समजतं.

नागपूरपासून थोडं लांब, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची तिथली रीत आहे. लोकशाहीत बहुमत हाच एक मार्ग असतो का, यावर पुस्तकात कितीही वाचलं तरी अशा ग्रामसभेच्या गावात दोन दिवस राहून जे कळतं ते वेगळंच. अभ्यास सहल म्हणजे ताडोबा हे समीकरण मोडून आपल्या विभागाला अशी सहल काढायला सांग.

आता पुढची कामं.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते ती स्पर्धा परीक्षा, तेव्हा तिथून सुरू करते. फायदा नक्की आहे, पण तो परीक्षेप्रमाणे कमी-जास्त होतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय २५० गुणांच्या दोन पेपरांचा, म्हणजे ५०० गुणांचा आहे. शिवाय सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर, ज्यात राज्यघटना, प्रशासन आणि परराष्ट्र संबंध येतात, तो २५० गुणांचा, आणि निबंधालाही हे वाचन उपयोगी पडतं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली. वर्षानुवर्षं पर्याय निवडण्याच्या सरावावर बसलेल्यांना ते जड जातं, आणि लिहिण्याची सवय असलेल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला बरं पडतं. मात्र तलाठी भरतीसारख्या परीक्षेत गणित वेगळं आहे. २०० गुणांत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता प्रत्येकी ५०. तिथे तुझा विषय सामान्य ज्ञानातल्या काही प्रश्नांपुरताच कामी येणार. बाकीचं गणित आणि व्याकरण वेगळं घोटावंच लागणार.

माझी खरी काळजी दुसरी आहे. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३. ही सवलत गरजेची आहे, पण तिचाच एक फास होतो. बावीसाव्या वर्षी सुरू झालेली तयारी तिशी ओलांडली तरी संपत नाही. दिवसभर अभ्यासिकेत, खोलीचं भाडं घरून, आणि दरवर्षी 'मॅडम, चार मार्कांनी गेलं'. जाहिरात लांबते, निकाल लांबतो, न्यायालयात प्रकरण जातं, आणि वय मात्र थांबत नाही. ही हुशार मुलं आहेत, आणि त्यांची उमेदीची वर्षं अशी जाताना बघून फार वाईट वाटतं. म्हणून परीक्षेला बसायचं असेल तर जरूर बस, पण किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत हे घरच्यांसमोर बोलून ठरव, आणि सोबत दुसरी एखादी पदवी किंवा काम चालू ठेव. नागपुरात सरकारचं भारतीय प्रशासकीय सेवापूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी असलेल्या महाज्योती या सरकारी संस्थेचं मुख्यालयही इथेच आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षा दे. खासगी क्लासला लाखभर रुपये भरण्याआधी ही दारं वाजवून बघ.

प्राध्यापकीबद्दल खरं ते सांगते, कारण माझ्याकडे बघून बऱ्याच मुली म्हणतात, मॅडम, मला तुमच्यासारखं व्हायचंय. सहायक प्राध्यापकासाठी एम.ए.ला ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५०, आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेट ही देशपातळीवरची, ती एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था वर्षातून दोनदा घेते. पहिला पेपर १०० गुणांचा, विषयाचा २०० गुणांचा, वेळ तीन तास. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. इथपर्यंत मेहनतीने पोचता येतं. पुढे मात्र पूर्ण पगाराच्या जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते, आणि नेट, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, दोन-तीन महाविद्यालयांत पळापळ करून शिकवत राहतात. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. हा अन्याय आहे, त्याविरुद्ध मी बोलत आले आहे आणि बोलत राहीन. पण अठराव्या वर्षी वाट निवडणाऱ्या मुलीपासून तो लपवणं बरोबर नाही. ज्यांना संशोधनाचीच ओढ आहे त्यांनी जेआरएफचा, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचा, नेम धरावा. २०२३ पासून पहिल्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० रुपये अधिवृत्ती आहे आणि एवढ्यात माणूस मान वर करून पीएच.डी. करू शकतो. त्याला वयोमर्यादा ३० असली तरी मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए.सोबत बी.एड. लागतं.

मला स्वतःला आज या विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत भक्कम वाट दिसते ती कायद्याची. बी.ए. नंतर तीन वर्षांचं एलएल.बी., प्रवेश राज्याच्या सीईटीतून. नागपुरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, आणि तिथल्या रिट याचिकांमध्ये राज्यशास्त्र ठासून भरलेलं असतं. एक उदाहरण देते. सरकारी जागेवर अतिक्रमण केलं म्हणून ग्रामपंचायत सदस्याला अपात्र ठरवायचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, त्यावर अपील विभागीय आयुक्तांकडे, आणि तिथून प्रकरण उच्च न्यायालयात येतं. सासऱ्याच्या नावावरच्या अतिक्रमित घरात राहणारी सून निवडून आली, तर ती अपात्र होते का? या प्रश्नात कायदा आहे, आणि आरक्षणामुळे निवडून आलेल्या बाईला पाडायला गावातले लोक कायदा कसा वापरतात हेही आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. त्या बायांची बाजू समजून मांडणाऱ्या वकिलांची, त्यातही वकील बायांची, विदर्भाच्या प्रत्येक तालुक्याला गरज आहे. उमरेडलाही न्यायालय आहे. परत गावी येऊनही ही प्रॅक्टिस करता येते, हे तुझ्या बाबांना आवर्जून सांग.

पत्रकारितेबद्दल थोडक्यात. पगार सुरुवातीला तुटपुंजा आहे, पण महापालिका, जिल्हा परिषद आणि अधिवेशन समजून घेणारा बातमीदार नागपुरात नेहमीच हवा असतो. कॉलेजात असतानाच लिहायला लाग.

सर्वेक्षण आणि संशोधनाचं क्षेत्र मात्र मुलांना माहीतच नसतं, म्हणून त्यावर जरा थांबते. निवडणुकांच्या काळात संशोधन संस्था मतदारांच्या मुलाखती घ्यायला महाविद्यालयांतल्या मुलांना प्रशिक्षण देऊन गावोगाव पाठवतात. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढलेली असतात आणि मुलाखत त्याच व्यक्तीची घ्यायची असते. शेजाऱ्याची चालत नाही, घरातल्या दुसऱ्याची चालत नाही. इथेच नवख्या मुलांची परीक्षा होते. यादीत नाव असतं बाईचं, दारात उभा असतो नवरा. तो म्हणतो, "तिले काय समजते? मले विचारा ना, मी सांगतो." त्याला न दुखवता, चहा न नाकारता, तरी तिच्याशीच आणि शक्य तो एकटीशी बोलायचं असतं. मत कुणाला दिलं हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. हातात नमुना मतपत्रिका देतात, ती खूण करून, घडी घालून छोट्या पेटीत टाकते, आणि मुलाखत घेणारा बघत नाही. मतदान गुप्त असतं म्हणजे काय हे त्या पेटीपाशी मुलांना पहिल्यांदा कळतं. आणि बऱ्याच बाया नवऱ्यापेक्षा वेगळा विचार करून मत देतात, हेही.

या कामाचे दिवसाला थोडे पैसे मिळतात. पण त्यातून सांख्यिकीची आवड लागली, एक्सेल आणि त्यापुढचं एखादं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर शिकलं, तर धोरण संशोधन संस्था, सर्वेक्षण कंपन्या, स्वयंसेवी संस्थांचे मूल्यमापन विभाग अशी दारं उघडतात. निवडणूक व्यवस्थापनाच्या कंपन्याही हल्ली अशी मुलं घेतात. तिथे पगार चांगला, पण काम हंगामी. निवडणूक संपली की टीम मोडते. अनुभवासाठी एक-दोन निवडणुका जरूर कराव्यात.

आमदार-खासदारांच्या कार्यालयातलं काम हेही असंच न दिसणारं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना अशा सभागृहात मांडायच्या आयुधांचा मसुदा कुणीतरी लिहितं. ते नीट लिहिणारा सहायक बहुतेकांना मिळत नाही. दिल्लीत कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. २५ वर्षांपर्यंतचे पदवीधर एका खासदारासोबत जवळपास वर्षभर संशोधन सहायक म्हणून काम करतात. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे, वय २१ ते २६. दोन्हींना इंग्रजी लागतं, आणि दोन्हींच्या निवडीत नमुना निबंध किंवा लेखन बघतात. वर सांगितलेलं अधिवेशनाचं ते दोन पानी काम तिथे उपयोगी पडेल. ग्रामीण भागात रस असेल तर गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीच्या पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, ग्रामसभांसोबत काम करणाऱ्या संस्था आहेत आणि पेसा समन्वयकांची कंत्राटी पदं निघतात. पैसा कमी, शिकणं अफाट.

आणि 'पुढारी होणार आहेस का' या प्रश्नाचं उत्तर 'का नाही?' असंही देता येतं. ग्रामपंचायतीला वयाच्या २१ व्या वर्षी उभं राहता येतं. अंदाजपत्रक वाचू शकणारी, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव नीट लिहून घेणारी सरपंच गावाला काय देऊ शकते हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या गावात पाहिलं आहे. पाणीपुरवठ्याची अडलेली फाइल तिने आधीच्या शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख दाखवून पुढे सरकवली.

नागपूर की बाहेर, याचं उत्तर. बी.ए. नागपुरात कर. १८८३ चं हिस्लॉप, १८८५ चं मॉरिस म्हणजे आजची वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, दीक्षाभूमीचं आंबेडकर महाविद्यालय, धनवटे नॅशनल, आणि इतर अनेक. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या, आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव असलेल्या विद्यापीठाचा पदव्युत्तर विभाग अमरावती रोडच्या परिसरात आहे. एम.ए.ला मात्र शक्य असेल तर एकदा बाहेर जा. जेएनयू, दिल्ली, हैदराबाद या विद्यापीठांचे प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात, शुल्क परवडणारं असतं, आणि देशभरातल्या मुलांशी वाद घालताना आपण कुठे आहोत ते कळतं. नाही जमलं तर नागपुरातलं एम.ए.ही वाया जात नाही, वर लिहिलेलं सगळं इथे आहेच.

त्यासाठी इंग्रजी. विचार मराठीतच कर, उत्तरंही मराठीत लिही, त्यात कमीपणा नाही. पण रोज तासभर इंग्रजी वाच, पहिल्या सत्रापासून. संविधान सभेतल्या चर्चा इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख त्या सभेत होते, त्यांची भाषणं काढ, शेतकऱ्यांबद्दल काय म्हणाले ते बघ. अवघड शब्द अडतील, पण विषय तुझ्या घरचाच आहे.

जोडविषय निवडताना राज्यशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र मायनर घे. सोपं जातं म्हणून दुसरं काहीतरी घेणाऱ्या मुली पुढे अर्थसंकल्पापाशी अडतात. अर्थशास्त्र नसेल तर समाजशास्त्र किंवा इतिहास.

बाबांच्या पोलीस भरतीचं काय, तर पोलीस शिपाई भरती बारावीवरच होते, मैदानी ५० गुण आणि लेखी १००. बी.ए. करताना सकाळी मैदानावर जाऊन ती देता येते. पदवी झाली की उपनिरीक्षकाची एमपीएससी परीक्षाही खुली होते. म्हणजे त्यांचं म्हणणं सोडावं लागत नाही.

प्रवेश घ्यायला नागपूरला येशील तेव्हा बाबांना सोबत घेऊन ये आणि महाविद्यालयाच्या इमारतीकडे बघून भुलू नकोस. राज्यशास्त्र विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि सीएचबीवर किती, ते विचार. ग्रंथालय मोकळ्या कपाटांचं आहे की चिठ्ठी देऊन पुस्तक मागावं लागतं, आणि ते संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते विचार. गेल्या वर्षी विभागाने मुलांना अधिवेशनाला, न्यायालयात किंवा एखाद्या ग्रामसभेला नेलं होतं का, ते तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचार. उमरेडहून एसटीने रोज येणं-जाणं होऊ शकतं, पण त्यात वाचनाचे दोन-तीन तास जातात. म्हणून समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज आणि त्याची तारीख प्रवेशाच्या अर्जासोबतच बघ. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसीलमधून निघायला वेळ लागतो, तो अर्ज याच आठवड्यात टाक.